पेन्शनच्या फॉर्मवर सही करण्याआधी

अगं, तो पर्यायाचा फॉर्म अजून दिला नाहीस ना? नको देऊस इतक्यात. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळ्यांनी हेच भरा’ म्हणून मेसेज फिरतोय, केंद्रप्रमुख ‘आजच पाठवा’ म्हणून मागे लागलेत, सगळं कळलं मला. पण साडीचा काठ पसंत करायला तासभर लावणारी बाई तू, आणि म्हातारपणाचा निकाल मधल्या सुट्टीत लावणार? बस जरा. चहा निवला तर पुन्हा करू.

आधी माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे मागाहून ‘ताईचं बरंय, तिला काय’ असं नको व्हायला. मला जुनी पेन्शन मिळते. अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. आता दर महिन्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई वाढ खात्यात येते. नोकरीत असताना पेन्शनसाठी म्हणून माझ्या पगारातून एक पैसा कापला गेला नव्हता. भविष्य निर्वाह निधी कापला जायचा, पण ती माझीच बचत, माझीच मला परत मिळाली. तू माझ्या धाकट्या मावशीची धाकटी, वयानं माझ्या लेकीएवढी. तेच सरकार, तसलंच शिकवण्याचं काम, पण तुझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची. म्हणून तुझ्या पगारातून मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांचे दहा टक्के दरमहा कापले जातात, सरकार चौदा टक्के घालतं, आणि पुढचं बाजारावर.

त्या एका तारखेनं किती घरांत धुसफूस झाली असेल! एकाच शिक्षकखोलीत शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघी, एक ऑक्टोबरची, एक डिसेंबरची. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तेवढी एक दुरुस्ती केली, की जाहिरात आधीची असेल आणि नेमणूक उशिरा मिळाली असेल, तर त्या लोकांना जुन्या पेन्शनचा पर्याय. तुझा त्यात संबंध नाही. २००५ मध्ये तू चौथीत-पाचवीत असशील.

आता मुद्द्यावर येते. तू मला विचारलंस, ‘ताई, कशात जास्त मिळेल?’ हे सगळेच विचारतात आणि तिथंच गंडतात. कारण त्याचं उत्तर तीस वर्षांनी कळणार. आज जो छातीठोक आकडा सांगतो, तो एकतर एजंट असतो नाहीतर पुढारी. मी तुला वेगळा प्रश्न देते. ठरल्याप्रमाणे झालं नाही, तर खड्डा कोणी भरायचा? बाजार कोसळला, महागाई भडकली, तू नव्वदी पार केलीस, सरकारची तिजोरी आटली, यातलं काहीही होऊ शकतं. तेव्हा तोटा कोणाच्या अंगावर पडतो, एवढं बघ. बाकी सगळी योजनांची नावं.

या प्रश्नावर घासून तीनही योजना बघ. जुन्या पेन्शनमध्ये सगळा खड्डा सरकारनं भरायचा, म्हणजे त्या त्या वेळी जो कर भरत असेल त्यानं. मागं निधी वगैरे काही साठवलेला नसतो. माझी या महिन्याची पेन्शन या महिन्याच्या महसुलातून येते, त्यात तुझ्या पगारातला कर आला आणि तू दुकानातून आणलेल्या साबणावरचा जीएसटीही आला. एनपीएसमध्ये, म्हणजे तुझ्या सध्याच्या योजनेत, उलटं. चोवीस टक्के दरमहा तुझ्या नावावर जमतात, पण निवृत्तीच्या वर्षी शेअर बाजार झोपला तर ते तुझं नशीब. साठवलेल्यातले साठ टक्क्यांपर्यंत रोख काढता येतात, निदान चाळीस टक्क्यांची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते. ही वार्षिकी सहसा ठरावीक असते, महागाईबरोबर वाढत नाही. महिना वीस हजार ठरले, तर विसाव्या वर्षीही वीस हजारच. महागाई पाच टक्के धरलीस तर तेव्हा त्यात आजच्या साडेसात हजारांचं सामान येईल. आणि तिसरी ती नवी यूपीएस, एकीकृत पेन्शन. तिथं खड्डा वाटून घ्यायचा आहे. तिच्याकडे नंतर येते, कारण फॉर्ममधला खरा पेच तिथंच आहे.

हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून आलेला नाही. निकोलस बार म्हणून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले एक अर्थतज्ज्ञ आहेत आणि पीटर डायमंड अमेरिकेतल्या एमआयटीमधले. दोघांनी मिळून पेन्शनवर वर्षानुवर्षं काम केलं, चीन सरकारला सल्लाही दिला, आणि २००८ मध्ये पेन्शन सुधारणांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. डायमंड यांना २०१० चं नोबेल मिळालं, तेही पेन्शनसाठी नव्हे, रोजगाराच्या बाजारावरच्या कामासाठी. गंमत म्हणजे त्याच सुमारास ओबामांनी त्यांचं नाव अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेसाठी सुचवलं, तर विरोधी सिनेटरांनी ‘यांची पात्रता पुरेशी नाही’ म्हणून अडवून धरलं. शेवटी २०११ मध्ये कंटाळून त्यांनीच नाव मागं घेतलं. नोबेल मिळालेल्या माणसाला अपुरं म्हणणारे लोक जगात आहेत, तेव्हा तुमच्या विस्तार अधिकाऱ्यांनी तुझ्या टाचणांना नावं ठेवली तर फार मनावर घेऊ नकोस.

तर हे दोघे म्हणतात, पेन्शनचं काम एक नाही, चार आहेत. पहिलं, कमावत्या वयातला पैसा न कमावत्या वयात नेणं. दुसरं, विमा. आपण किती जगणार हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून जो लवकर जातो त्याचं उरलेलं जो फार जगतो त्याच्या उपयोगी पडावं. तिसरं, म्हातारपणी कोणी भुकेलं राहू नये. आणि चौथं, ज्यांचं आयुष्यच कमी पगाराचं गेलं, किंवा मुलाबाळांत नि आजारपणांत नोकरीत खंड पडला, त्यांना थोडं वरचं देणं. आपल्याकडे जी भांडणं चालतात ती बहुतेक पहिल्या कामावर. आणि बायकांचं सगळं अडतं ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कामावर. हे लक्षात ठेव, पुढं लागेल.

बार यांचं आणखी एक म्हणणं मला फार पटतं. म्हातारी माणसं पैसे खात नाहीत, भाकरी खातात. तू साठ वर्षांची होशील तेव्हा तुला लागणारं दूध, औषध, डॉक्टर, रिक्षा हे सगळं त्या वेळची तरुण माणसं तयार करणार. आज तू कपाटात नोटा भर, शेअर घे किंवा सरकारकडून वचन घे, हे तिन्ही म्हणजे त्या पुढच्या पिढीच्या उत्पादनातल्या एका वाट्यावरचा हक्क. उत्पादनच कमी झालं तर नोटेची किंमत महागाई खाते, शेअर पडतो, नाहीतर सरकार वचन मोडतं. म्हणून ‘निधी साठवला की लोकसंख्या म्हातारी होण्याचा प्रश्न सुटला’ असं जे सांगतात ते अर्धं खरं. त्या निधीतून कारखाने, वीज, रस्ते उभे राहिले, उत्पादन वाढलं तरच पूर्ण खरं. मी वर्गात हे शिकवायचे तेव्हा मुलं माना डोलवायची आणि परीक्षेत नेमकं उलटं लिहायची. ते असो.

आता तुला चिलीची गोष्ट सांगते. दक्षिण अमेरिकेतला तो लांबुळका देश. जगभरातल्या पेन्शनच्या वादात त्याचं नाव निघतंच, आणि बाईमाणसानं तर ती गोष्ट ऐकायलाच हवी.

१९७३ पासून तिथं पिनोशे या लष्करशहाची राजवट होती. त्याचा कामगारमंत्री होसे पिन्येरा, हार्वर्डमध्ये अर्थशास्त्रात डॉक्टरेट केलेला. त्यानं १९८० मध्ये कायदा आणला आणि १९८१ पासून सरकारी पेन्शनच्या जागी प्रत्येकाचं स्वतःचं खातं सुरू केलं. कामगारानं पगाराच्या दहा टक्के भरायचे, मालकानं काही नाही, खासगी कंपन्यांनी तो पैसा गुंतवायचा. कागदावर झकास. जागतिक बँकेपासून सगळ्यांनी वाहवा केली, आणि पुढच्या वीस वर्षांत लॅटिन अमेरिकेत नि पूर्व युरोपात कितीतरी देशांनी ही योजना उचलली. एक बारीकशी गोष्ट मात्र फारसं कोणी बोललं नाही. सैन्य आणि पोलीस यांना त्यातून वगळलं होतं. त्यांची जुनी पेन्शन तशीच. योजना इतकी चांगली होती, तर ती आणणाऱ्यांनी स्वतःला का नाही लावून घेतली? (आपल्याकडेही २००४ मध्ये केंद्रानं एनपीएस आणली तेव्हा सैन्यदलं बाहेर ठेवली. सैनिक तरुणपणीच निवृत्त होतो, हे कारण खरंच आहे. पण आमदार-खासदारांच्या पेन्शनबद्दल मला विचारू नकोस, चहा कडू होईल.)

डायमंड यांनी १९९३ मध्येच चिलीचा हिशेब तपासून म्हटलं होतं, की या खासगी कंपन्या चालवायला खर्च फार येतो. एजंट, जाहिराती, खाती पळवापळवी, या सगळ्याचे पैसे खातेदाराच्या म्हातारपणातूनच जातात. या बाबतीत आपली एनपीएस खरोखर उजवी आहे, तेवढं श्रेय तिला द्यायला हवं. निधी सांभाळण्याचं शुल्क शंभर रुपयांमागे वर्षाला नऊ पैशांहून जास्त नाही. जगात इतकं स्वस्त फार थोड्या ठिकाणी असेल. म्युच्युअल फंडात तू किती देतेस ते एकदा बघ.

पण चिलीतल्या बायकांचं काय झालं? ज्यांनी शेतात हंगामी काम केलं, घरकाम केलं, मुलं लहान म्हणून चार-पाच वर्षं घरी बसल्या, त्यांच्या खात्यात पैसाच साठला नाही. पगारच नसेल तर दहा टक्के कशाचे काढणार? त्यात बाईचं निवृत्तीचं वय साठ, पुरुषाचं पासष्ट. म्हणजे भरायची वर्षं आणखी कमी. आणि कळस असा, की जमा पैशाची मासिक पेन्शन काढताना बाईसाठी वेगळा आयुर्मानाचा तक्ता लावायचे. बाई जास्त जगते, म्हणून तेवढ्याच पैशात तिला महिन्याला कमी! जास्त जगण्याची शिक्षाच ती. चार कामांपैकी पहिलं झालं, बाकीची तीन वाऱ्यावर.

२००६ मध्ये मिशेल बाचेलेत राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या स्वतः बालरोगतज्ज्ञ. मारियो मार्सेल या अर्थतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली त्यांनी समिती नेमली आणि २००८ मध्ये सुधारणा केली. गरीब साठ टक्क्यांसाठी सरकारी तिजोरीतून आधाराची पेन्शन, आणि आईला प्रत्येक मुलामागे तिच्या पेन्शनमध्ये भर. मूल वाढवणं हे काम आहे आणि त्याची नोंद पेन्शनमध्ये व्हायला हवी, हे एका देशानं कायद्यात लिहिलं. तरी राग शमला नाही. २०१९ च्या आंदोलनात लाखो लोक रस्त्यावर आले, त्यांच्या मागण्यांत खासगी पेन्शन कंपन्या नकोत हीही होती. मग कोविड आला आणि संसदेनं लोकांना स्वतःच्याच खात्यातून पैसे काढू दिले, तीन वेळा. सुमारे पन्नास अब्ज डॉलर बाहेर गेले आणि कित्येकांची खाती रिकामी झाली. अखेर २०२५ मध्ये नवा कायदा झाला. आता मालकांनाही टप्प्याटप्प्यानं भरावं लागणार आणि बायकांच्या जास्त आयुर्मानाची भरपाई स्वतंत्रपणे मिळणार. सुरुवातीला सोडलेली कामं परत घ्यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

म्हणजे ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ बरोबर? थांब. तू टोपी घालून मोर्चात गेलीस, त्याचा मला राग नाही. मार्च २०२३ च्या त्या संपात, १४ तारखेपासून २० तारखेपर्यंत, शाळा नि कचेऱ्या ओस पडल्या होत्या. त्या मागणीतला गाभा मला न्याय्य वाटतो. बाजाराचा सगळा धोका एकट्या शिक्षिकेनं, एकट्या नर्सनं का सोसायचा? सरकार तो सहज सोसू शकतं, कारण सरकारला साठीला निवृत्त व्हायचं नसतं. पण जुनी पेन्शन जशीच्या तशी परत मागणं म्हणजे खड्डा पूर्णपणे दुसऱ्याच्या अंगणात ढकलणं. तो दुसरा कोण, हे मोर्चात कोणी सांगत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास आला. लेखकांनी मतं आपली, बँकेची नव्हेत, असं नेहमीप्रमाणे लिहून ठेवलंय. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल या राज्यांनी जुन्या पेन्शनकडे परतायचं ठरवल्यावरचा हा हिशेब. सगळीच राज्यं परतली, तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो, आणि २०६० पर्यंत दरवर्षीचा जादा भार देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ०.९ टक्क्यापर्यंत. आकडा मोठा आहेच, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटली. परतणाऱ्या राज्याला पहिली काही वर्षं चक्क फायदा होतो! कारण कर्मचाऱ्यांच्या खात्यात भरायचा हिस्सा वाचतो. जी माणसं २००५ नंतर लागली ती मोठ्या संख्येनं निवृत्त होणार २०३० नंतर कधीतरी. टाळ्या आजच्या मुख्यमंत्र्याला, बिल तेव्हाच्या. असला निर्णय कुठल्या पुढाऱ्याला नको असेल?

आणि बिल भरणार कोण? तुझीच मुलं. शिवाय शाळेच्या छपराचे पैसे, आरोग्य केंद्रातल्या औषधांचे पैसे त्याच तिजोरीतून यायचेत. दुसरीही बाजू सांगते, कारण बार आणि डायमंड तीही सांगतात. पेन्शनचं भावी देणं तेवढं मोजायचं आणि भावी करउत्पन्न मोजायचंच नाही, ही चूक अर्थतज्ज्ञही करतात. दोन्ही पारडी ठेवली तर चित्र थोडं सौम्य होतं. तरी हलकं होत नाही.

त्यांनी दाखवलेली आणखी एक चूक म्हणजे झापडं लावून बघणं. व्यवस्थेचा एकच तुकडा घ्यायचा आणि त्यावरच भांडायचं. आपलं तसंच झालंय. जुनी की नवी, या वादात बोलणारे सगळे पक्क्या नोकरीतले. ज्यांचं म्हातारपण खरोखर उघड्यावर आहे ते या वादात नाहीतच. तुमच्या गल्लीत भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या आजींना काय मिळतं? श्रावणबाळ योजनेत बसल्या तर महिना दीड हजार, आणि त्यात बसायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. महिन्याला पावणेदोन हजारात घर चालवणारं कुटुंब तू कुठं बघितलंयस? साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धाला केंद्राकडून महिना दोनशे रुपये येतात. ते दोनशे २००६ पासून दोनशेच आहेत. ज्याँ द्रेझ आणि इतर साठेक अर्थतज्ज्ञांनी २०१७ च्या डिसेंबरात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांना पत्र लिहिलं, निदान पाचशे तरी करा म्हणून. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिलं. झालं नाही. तिकडे बुलढाण्यात कारखान्यांतून, महामंडळांतून निवृत्त झालेले लोक ईपीएस-९५ ची पेन्शन वाढावी म्हणून वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसतात. तिथली किमान पेन्शन २०१४ पासून महिना एक हजार. तुझ्या नवऱ्याचीही तीच योजना आहे, तेव्हा त्याच्या पासबुकातही डोकावत जा.

हे तुला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. मीही त्या पक्क्या नोकरीचंच खाते. पण पुढच्या वेळी मोर्चात घोषणा दिलीस, तर एक घोषणा त्या आजींसाठीही दे. निदान फलकावर एक ओळ.

आता तुझा फॉर्म. केंद्र सरकारनं २४ ऑगस्ट २०२४ ला यूपीएस जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी, रविवार असून, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ती स्वीकारली. निवडणूक तोंडावर होती, म्हणजे घाई समजण्यासारखी. केंद्रात ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. तिथं पर्याय द्यायची मुदत आधी जूनअखेर, मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर अशी वाढवत न्यावी लागली. लोक उड्या मारत आले असते तर मुदत कशाला वाढवली असती? मी सांगते ते केंद्राचे नियम. राज्याचा शासन निर्णय तू स्वतः काढून ओळ न ओळ वाच. इंग्रजीत नाही, मराठीतच असतो.

पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, वर महागाई वाढ. दहा वर्षं झाली तर निदान दहा हजार. तुझ्या मागं जोडीदाराला त्याच्या साठ टक्के. तुझे दहा टक्के कापले जाणारच, सरकारचे दहा, आणि सरकार आणखी साडेआठ टक्के एका सामाईक निधीत घालतं. खड्डा पडला तर तिथून भरायचा. मला विचारशील तर धोका वाटून घेण्याची ही रीत शहाणपणाची आहे. जुन्या पेन्शनसारखी फुकट नाही आणि एनपीएससारखी निराधार नाही.

पण बाई म्हणून तीन जागी बोट ठेवून वाच.

पहिली जागा ती पंचवीस वर्षं. तू लवकर लागलीस, अठ्ठावन्नला निवृत्त होशील, तुझं जमेल. पण तुझ्या शेजारच्या वर्गातल्या बाई अडतिसाव्या वर्षी लागल्या म्हणालीस ना? त्यांची वीसच भरतात. मग पेन्शन त्या प्रमाणात घटते. त्यांचं उत्तर तुझ्यापेक्षा वेगळं असू शकतं, तेव्हा ग्रुपवर ‘सगळ्यांनी हेच भरा’ म्हणणाऱ्यांना हे विचार.

दुसरी जागा स्वेच्छानिवृत्ती. हे फार कमी जणींना माहीत असतं. पंचवीस वर्षं भरल्यावर तू पन्नासाव्या वर्षी नोकरी सोडलीस, तर केंद्राच्या यूपीएसमध्ये पेन्शन लगेच चालू होत नाही. तुझं नियमित निवृत्तीचं वय येईल तेव्हापासून होते. मधली वर्षं हात रिकामे. आणि घरात सासूबाई अंथरुणाला खिळल्या, कोणाची बारावी आली, की ‘तूच सोड ना नोकरी’ हे कोणाला म्हणतात? भाऊजींना नाही म्हणत. तेव्हा तशी वेळ आली तर आधी ही ओळ घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

तिसरी जागा वारस. यूपीएसची पूर्ण पेन्शन हवी तर तुझ्या खात्यात साठलेला निधी निवृत्तीच्या वेळी सामाईक निधीत जातो. तू आणि तुझ्या मागं नवरा, इथपर्यंत पेन्शन. नंतर मुलांना त्यातलं काही नाही. एनपीएसमध्ये साठ टक्क्यांपर्यंतची रोख तुझी असते, आणि वार्षिकीही मूळ रक्कम वारसांना परत देणारी घेता येते, अर्थात मग ती महिन्याला थोडी कमी बसते. मैत्रिणींत जी एकटी आहे, जिच्यावर आईवडील किंवा अपंग भाऊ अवलंबून आहे, तिनं हा मुद्दा सर्वांत आधी तपासावा. नियमातलं ‘जोडीदार’ तिच्या उपयोगाचं नाही.

तुझ्यापुरतं माझं मत विचारतेस म्हणून सांगते. लवकर लागलीस, पगार बेताचा, बाजाराचं तुला कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. राज्याच्या नियमांतही वर सांगितलेलं तसंच निघालं, तर तू यूपीएस घे. म्हातारपणी महागाईशी झुंजायला तुझ्या पाठीशी कोणीतरी हवं, आणि ठरावीक वार्षिकी तिथं साथ देत नाही. हेच मी तुझ्या त्या आयटीतून सरकारी नोकरीत आलेल्या मैत्रिणीला सांगितलं नसतं.

फॉर्म गेला म्हणून संपलं असंही समजू नकोस. तुझा प्रान नंबर, म्हणजे पेन्शन खात्याचा क्रमांक, पाठ असू दे, आधारसारखा. दर तीन महिन्यांनी खातं उघडून बघ, पगारातून कापलेले दहा आणि सरकारचा हिस्सा दोन्ही जमा झालेत का. पगारपत्रकावर कपात दिसते याचा अर्थ पैसे खात्यात पोचले असा होत नाही. अंतर दिसलं तर तोंडी विचारू नकोस, अर्ज देऊन पोच घे. बिनपगारी रजा घ्यायची झाली, बाळंतपणानंतरची असो की कुणाच्या आजारपणाची, तर त्या काळात खात्यात काही पडत नाही, हे धरून चाल आणि परत आल्यावर जमेल तसं थोडं थोडं बाजूला टाक. वारसनोंद लग्नाआधीची असेल तर आजच बदल. मावशी गेली त्याला किती वर्षं झाली, आणि तुझ्या खात्यावर अजून तिचंच नाव असेल बघ.

आणि एक काम माझ्यासाठी कर. तुमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं वय विचार. अटल पेन्शन योजनेत अठराव्या वर्षी खातं उघडलं तर साठीनंतरच्या हजार रुपये पेन्शनसाठी महिना बेचाळीस रुपये पडतात, चाळिसाव्या वर्षी दोनशे एक्क्याण्णव. हजाराला तेव्हा किती किंमत राहील हे वर सांगितलंच आहे, तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. तुला ते खातं काढता येणार नाही, प्राप्तिकर भरणाऱ्यांना २०२२ पासून ते बंद आहे. त्यांना येईल, पण चाळिशी उलटली की बँक अर्ज घेत नाही. सोमवारी शाळेत गेलीस की आधी तेवढं विचार.